भूल उतरते तेव्हा औषध जातं कुठे?

मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीमुळे 'नार्को टेस्ट' हा शब्द मराठी पेपरांमधून घराघरात पोचला. माणसाला पेंटोथाल द्यायचं, धड जागा नाही धड झोपलेला नाही अशा अवस्थेत ठेवायचं आणि प्रश्न विचारायचे. त्या अवस्थेत माणूस खरंच बोलतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी टेस्ट करायला मनाई केली ते बरंच झालं. पण मंडळी, आज विषय तो नाही. आजचा विषय त्या औषधाचा.

पेंटोथालचा एक डोस शिरेतून एकदम दिला तर अर्ध्या मिनिटात माणूस गाढ झोपतो, आणि पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतो. आता गंमत बघा. हे औषध यकृत फोडतं खरं, पण फार सावकाश फोडतं, तासाला जेमतेम दहा-पंधरा टक्के. म्हणजे माणूस जागा होतो तेव्हा दिलेलं जवळजवळ सगळं औषध त्याच्या अंगातच असतं! मग तो जागा का होतो? औषध गेलं कुठे?

वाटतं तितका हा प्रश्न साधा नाही. पेंटोथाल, म्हणजे थायोपेंटाल, ॲबट कंपनीतल्या व्होलविलर आणि टॅबर्न या रसायनशास्त्रज्ञांनी बनवलं. माणसाला ते पहिल्यांदा टोचलं ८ मार्च १९३४ रोजी, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी, राल्फ वॉटर्स यांनी. काही महिन्यांतच मेयो क्लिनिकमध्ये जॉन लंडी यांनीही वापर सुरू केला. आणि वरच्या प्रश्नाचं बर्‍यापैकी समाधानकारक उत्तर मिळालं १९६० साली. मधली सव्वीस वर्षं जगभरचे डॉक्टर हे औषध देत होते, आणि ते शरीरात काय करतं हे अंदाजाने ठरवत होते.

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनवर चालणारा, पण का चालतो ते कोणालाच माहीत नसलेला कोड असतो ना, तसंच हे. फरक इतकाच की आमचा सर्व्हर पडला तर आपण तो रीस्टार्ट करतो.

सुरुवातीचा समज असा होता की औषध पटकन नष्ट होत असणार, म्हणून पटकन जाग येते. त्याचं वर्गीकरणही 'अतिशय अल्पकाळ टिकणारं' असं होतं. समज सरळ होता, आणि लहान ऑपरेशनला तो खपूनही जायचा. पंचाईत व्हायची लांबलेल्या ऑपरेशनमध्ये. रोगी हलायला लागला की आणखी थोडं, पुन्हा हलला की आणखी थोडं. औषध जर नष्ट होत असेल तर यात वावगं काहीच नाही. पण असे चार-पाच डोस झाले की तोच 'अल्पकाळवाला' रोगी तासन्‌तास उठायचा नाही.

आणि मग ७ डिसेंबर १९४१ उजाडला. पर्ल हार्बर. शेकडो जखमी एकाच वेळी हॉस्पिटलांत आले. भाजलेले, हातपाय तुटलेले, रक्त वाहून गेलेले. शिरेतून देता येणारी झटपट भूल हाताशी होतीच. १९४३ साली 'ॲनेस्थेसिऑलॉजी' या मासिकात हॅलफर्ड नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं की युद्धातल्या जखमींवर ही भूल म्हणजे जवळपास मारण्याचंच साधन ठरली. त्यावरून पुढे दंतकथा झाली, की पर्ल हार्बरला जपान्यांपेक्षा पेंटोथालनेच जास्त माणसं मारली. कित्येक भूलतज्ज्ञ विद्यार्थिदशेत ही गोष्ट ऐकून मोठे झाले आहेत.

गोष्ट अतिशयोक्त निघाली. १९९५ साली बेनेट्स या ब्रिटिश डॉक्टरांनी जुने कागद तपासून दाखवलं की तिथल्या ट्रिपलर हॉस्पिटलात दाखल झालेल्या ३४४ जखमींपैकी १३ जण दगावले, आणि त्यातलेही फार तर थोडेच भुलीमुळे गेले असावेत. तरी त्या दंतकथेत एक खरा गाभा होता. धडधाकट माणसाला चालणारा डोस रक्तस्राव झालेल्या माणसाला मारू शकतो. का? वजन तेच, औषध तेच, मिलिग्रॅम तेच. बदललं काय?

याचं उत्तर द्यायचं तर 'डोस म्हणजे वजन गुणिले अमुक' हा हिशोब सोडून शरीराच्या आत शिरावं लागतं.

आत शिरायला आधी मोजायची सोय हवी. ती केली बर्नार्ड ब्रॉडी यांनी. हे डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. दुसर्‍या महायुद्धात न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर हॉस्पिटलात मलेरियाच्या औषधांवर काम चाललं होतं, तिथे रक्तातलं औषध मोजण्याच्या पद्धती बसवण्यात त्यांचा हात बसला. १९५० साली त्यांनी आणि त्यांच्या भूलतज्ज्ञ सहकार्‍यांनी माणसाच्या शरीरात थायोपेंटालचं काय होतं ते छापलं. रक्तातली पातळी आधी धाडकन खाली येते आणि मग रेंगाळत, तासन्‌तास, उतरत राहते. दोन वेगवेगळे उतार. औषध नष्ट व्हायचा वेग कमी, म्हणजे पहिला उतार नष्ट होण्यामुळे नाही. मग औषध कुठेतरी सरकलं असणार. १९५२च्या निबंधात त्यांनी आरोपी पकडला : चरबी. थायोपेंटाल तेलात सहज विरघळतं, चरबीत त्याची पातळी रक्तापेक्षा कितीतरी जास्त सापडते. म्हणजे चरबी औषध शोषून घेते आणि मेंदू मोकळा होतो. झालं!

मला हे स्पष्टीकरण फार आवडतं, कारण ते सुंदर आहे, पुराव्यावर उभं आहे आणि तरी चूक आहे.

चूक कुठे ते समजायला आपल्या सोसायटीच्या टाक्या डोळ्यांसमोर आणा. मधे एक टाकी, ती म्हणजे रक्त. तिला तीन टाक्या जोडलेल्या. पहिली मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंड वगैरेंची : टाकी लहान, पण पाइप चांगला जाडजूड. शरीराच्या वजनाच्या दहाएक टक्के असलेल्या या अवयवांना हृदयातून निघणार्‍या रक्तापैकी जवळपास तीन चतुर्थांश रक्त मिळतं. दुसरी टाकी स्नायूंची : मोठी, जवळपास निम्मं वजन, आणि पाइप मध्यम. तिसरी चरबीची : खूप साठा मावेल अशी, पण पाइप म्हणजे कूलरला लावतो तसली बारीक नळी. वीसेक टक्के वजन, आणि रक्त पाच-सहा टक्के.

मधल्या टाकीत एकदम रंग ओता. पहिल्या मिनिटात मेंदूची टाकी रंगणार. मग रंग स्नायूंकडे जाऊ लागणार, मधली टाकी फिकी पडणार, आणि पाइप जाड असल्यामुळे मेंदूची टाकीही तितक्याच झपाट्याने फिकी पडणार. चरबीकडे मात्र नळीतून थेंब थेंब जातोय. ती भरायला तास लागतात, पाच मिनिटांत तिचं काही होत नाही. हेन्री प्राइस यांनी १९६० साली नेमकं हेच गणित मांडलं : रोगी जागा होतो तो मुख्यतः स्नायूंमुळे. चरबीचा हिशोब नंतरचा. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये स्नायू भरून जातात, चरबीही भरत येते, आणि मग मेंदूतून औषध जायला जागाच उरत नाही. उरतं ते सावकाश काम करणारं यकृत. तासन्‌तासांची झोप तिथून येते. (१९६६ साली सेडमन आणि एगर यांनी यकृताचा वाटा प्राइस यांनी धरला त्यापेक्षा जास्त आहे असं दाखवलं. पण मुख्य चित्र टिकलं.)

आता पर्ल हार्बरचा जखमी घ्या. रक्त वाहून गेल्यामुळे मधली टाकीच लहान झालेली. शिवाय अशा वेळी शरीर स्नायूंचा पाइप आवळून धरतं आणि आहे ते रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. म्हणजे लहान टाकीत तेवढाच रंग, आणि तो निघून जायची वाट बंद. वजन तेच राहिलं, बदललं ते प्लंबिंग.

या टाक्यांच्या कल्पनेला जुना जनकही आहे. स्वीडनमधले टॉरस्टेन टिओरेल यांनी १९३७ साली दोन निबंधांत औषधाच्या प्रवासाची समीकरणं मांडून ठेवली होती. बराच काळ कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टरांना गणित नको होतं आणि गणितवाल्यांना डॉक्टर भेटत नव्हते. ती भेट झाली साठच्या दशकात, आणि तीही केमिकल इंजिनियरांमुळे. केनेथ बिशॉफ आणि रॉबर्ट डेड्रिक या दोघांनी १९६८ साली थायोपेंटालसाठी असं मॉडेल लिहिलं की त्यातली प्रत्येक टाकी हा खरा अवयव आणि प्रत्येक पाइप हा खरा रक्तप्रवाह. कारखान्यातल्या रिॲक्टरचं गणित करणार्‍यांना शरीर वेगळं वाटलंच नाही.

आणि इथे एक नवी शक्यता उघडली. टाक्या खर्‍या असतील, तर टाक्यांची मापं बदलून प्राणी बदलता आला पाहिजे. कुत्र्याची मापं घाला, कुत्रा मिळेल. माकडाची घाला, माकड. माणसाची घाला, माणूस. नव्या औषधाचा पहिला डोस माणसाला टोचण्याआधीच सांगता येईल की काय होणार!

मापं कशी बदलायची याचा एक नियम आधीपासून पडून होता. मॅक्स क्लायबर हे मूळचे स्विस, कॅलिफोर्नियात जनावरांच्या खाद्यावर संशोधन करायचे. १९३२ साली त्यांनी लहान-मोठ्या प्राण्यांचा ऊर्जाखर्च एकाच कागदावर मांडला आणि दाखवलं की तो वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या पाऊण घाताने वाढतो. म्हणजे प्राणी जितका मोठा, तितका किलोमागे सुस्त. डेड्रिक आणि त्यांच्या सहकार्‍यांनी १९७० साली मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधावर ही युक्ती वापरली. उंदीर, घूस, माकड, कुत्रा आणि माणूस यांचे आलेख वेगवेगळे दिसत होते. वेळेचा अक्ष वजनाच्या पाव घाताने भागला, आणि ते जवळपास एकावर एक बसले. प्रत्येक प्राण्याचं घड्याळ वेगळं चालतं, एवढाच काय तो फरक!

आकडेच घालून बघू. माकड ५ किलोचं, माणूस ७० किलोचा. वजन १४ पट. पण औषध शरीराबाहेर काढायची क्षमता १४चा पाऊण घात, म्हणजे साधारण ७ पटच. माकडाचं घड्याळ आपल्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने पळतं. आता समजा माकडाला सलग ड्रिपने भूल दिली आणि किलोमागे तोच वेग माणसाला लावला, तर पहिल्या काही मिनिटांत विशेष बिघडणार नाही, कारण टाक्यांचा आकार साधारण वजनाच्या प्रमाणात वाढतो. पण दोन-तीन तासांनी माणसाच्या अंगात हवं त्याच्या दुप्पट औषध साठत जाईल. चूक पहिल्या डोसात दिसत नाही, ती नंतर दिसते. असले बग सगळ्यात वाईट.

अर्थात हा नियम म्हणजे पहिला अंदाज. मांजरीची गोष्ट वेगळीच असते : एक विशिष्ट रासायनिक काम तिच्या यकृताला नीट जमत नाही, त्यामुळे काही औषधं तिच्या अंगात तिच्या वजनाला न शोभेल इतकी रेंगाळतात. म्हणून शेवटी प्रश्न यायचा की माणसाच्या जवळचं कोण? आणि उत्तर असायचं, माकड. लॅबमधलं ऱ्हीसस माकड म्हणजे उत्तर भारतात देवळांपुढे हातातला प्रसाद हिसकावून नेतं तेच लाल तोंडाचं. १९५०च्या दशकात वर्षाला लाखाहून जास्त माकडं भारतातून बाहेर जात होती, मुख्यतः पोलिओच्या लशीसाठी. अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत त्यांचा वापर होतो हे पुढे आल्यावर मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ साली निर्यात बंदच केली.

तर माकडाने आपल्याला काय सांगितलं, आणि काय सांगितलं नाही? यासाठी डेट्रॉइटला जावं लागेल.

१९५६ साली पार्क-डेव्हिस कंपनीत व्हिक्टर मॅडॉक्स यांनी फेनसायक्लिडिन नावाचा पदार्थ बनवला. कंपनीतल्या ग्रॅहम चेन यांनी तो वेगवेगळ्या प्राण्यांवर वापरून बघितला. प्रत्येक प्राण्यात वेगळाच परिणाम, पण माकडांत जे दिसलं त्याने सगळे खूश झाले. चिडकी, चावणारी माकडं या औषधाने शांत, निवांत होत. वेदना जाणवत नसे, आणि श्वास चालू, हृदय ठणठणीत. भुलीची इतर औषधं श्वास दाबतात, रक्तदाब पाडतात. पर्ल हार्बरची दंतकथा ऐकून वाढलेल्या पिढीला असं औषध म्हणजे लॉटरीच. त्या निवांतपणावरूनच, इंग्रजीतल्या 'सिरेनिटी' वरून, औषधाचं नाव पडलं सर्निल.

मग माणसं. डेट्रॉइटच्याच डॉक्टरांनी १९५८ साली शिरेतून सर्निल दिलेल्या रोग्यांचा अहवाल छापला, इंग्लंडमध्येही १९५९च्या सुमारास वापर झाला. माकडावरून केलेली भाकितं बर्‍याच अंशी खरी ठरली. श्वास चालू राहिला, रक्तदाब पडला नाही, वेदना जाणवल्या नाहीत. शस्त्रक्रिया पार पडल्या. आणि मग रोगी जागे व्हायला लागले. काही जण नीट उठले. काही भ्रमिष्टासारखे झाले, ओरडू लागले, हातपाय झाडू लागले, आपण कोण, कुठे हे त्यांना कळेना. आणि हे दहा मिनिटं नाही, तासन्‌तास चाले, कारण हे औषध शरीरातून फार सावकाश जातं.

माकडही कदाचित याच सगळ्यातून जात असेल. माकडाने सांगितलं नाही, कारण त्याला सांगता येत नाही. बाहेरून दिसणार्‍या त्या शांतपणाला आपण 'सिरेनिटी' म्हटलं. ते आपलं भाषांतर होतं.

मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते. औषध कुठे जातं, किती वेगाने जातं, कधी संपतं, हे माकडाच्या रक्तातून बर्‍यापैकी सांगता येतं. ते प्लंबिंग आहे. पण ते मेंदूत पोचल्यावर आतल्या माणसाला काय वाटतं, हे कुठल्याच टाकीत मोजता येत नाही. दोन वेगळे प्रश्न, आणि नाव एकच : 'औषधाची चाचणी'.

१९६५ साली सर्निल माणसांसाठी बंद झालं. पुढे सर्निलान या नावाने ते जनावरांच्या डॉक्टरांकडे राहिलं, माकडांना आवरायलाही वापरलं गेलं, आणि १९७८ साली तेही थांबलं. रस्त्यावर मात्र 'एंजल डस्ट' म्हणून ते नशेबाजांच्या हाती गेलं. ज्या अनुभवाने रोगी घाबरले होते तो अनुभव काहींना विकत हवा होता, माणसाचं काही सांगता येत नाही.

कंपनीने धडा मात्र बरोबर घेतला : गुण तेच ठेवायचे, पण शरीरात राहण्याचा काळ कमी करायचा. कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी १९६२ साली बनवलेल्या पदार्थांपैकी एक निवडला गेला, तो केटामिन. १९६४ साली मिशिगनमधल्या जॅक्सन तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर एडवर्ड डॉमिनो आणि ग्युंटर कॉर्सन यांनी तो पहिल्यांदा दिला. 'स्वयंसेवक कैदी' या शब्दांत काहीतरी खटकतं, आणि ते खटकायलाच हवं. पण एक फरक पडला : या वेळी आत काय चाललंय ते सांगणारं कोणीतरी होतं. अंतराळात तरंगल्यासारखं वाटतं, हातपाय आहेत असं जाणवतच नाही, असं त्यांनी सांगितलं. हे वर्णन डॉमिनो यांनी घरी केलं तेव्हा त्यांच्या पत्नी टोनी म्हणाल्या की ही माणसं जगापासून तुटल्यासारखी वाटतात. त्यावरून 'डिसोसिएटिव्ह' भूल हा शब्द आला, आजही तोच वापरतात. १९७० साली अमेरिकेत केटामिनला मंजुरी मिळाली. श्वास न दाबणारं असल्यामुळे वीज आणि यंत्रं धड नसलेल्या ठिकाणी आजही त्याचा मोठा आधार आहे.

आता प्लंबिंगकडे परत. आज ऑपरेशन टेबलवर तुम्हाला जे दुधासारखं पांढरं इंजेक्शन देतात ते प्रोपोफॉल. ते शोधलं ब्रिटनच्या आयसीआय कंपनीतल्या आयन ग्लेन यांनी, १९७३च्या सुमारास. हे ग्लेन शिक्षणाने गुरांचे डॉक्टर! औषध पाण्यात विरघळत नव्हतं म्हणून १९७७च्या पहिल्या चाचण्यांत ते क्रेमोफोर नावाच्या द्रावकात दिलं, तर काही रोग्यांना त्या द्रावकाचीच गंभीर ॲलर्जीसारखी रिॲक्शन आली. मग सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांचं दुधाळ मिश्रण केलं, आणि १९८६ साली ते ब्रिटनमध्ये बाजारात आलं. २०१८ साली ग्लेन यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

प्रोपोफॉलची मजा अशी की शरीर ते फार वेगाने काढून टाकतं. नुसत्या यकृताला जमेल त्याहून जास्त वेगाने, मूत्रपिंडासारखे अवयवही हातभार लावतात. १९९२ साली ड्यूक विद्यापीठातल्या ह्यूज, ग्लास आणि जेकब्स यांनी सांगितलं की 'या औषधाचा अर्धा काळ किती' हा प्रश्नच अपुरा आहे. 'किती वेळ ड्रिप चालल्यानंतर' हे विचारायला हवं. थायोपेंटालच्या टाक्या भरत जातात आणि हा आकडा फुगत जातो. प्रोपोफॉलचा मात्र आठ तासांच्या ड्रिपनंतरही चाळीस मिनिटांच्या आत राहतो.

एवढं गणित जमल्यावर ते पंपात घालायचं कोणाला सुचणार नाही? १९९६ साली 'डिप्रीफ्यूजर' आला. भूलतज्ज्ञाने मिलिग्रॅम सांगायचे नाहीत. रक्तात पातळी किती हवी ते सांगायचं, रोग्याचं वय आणि वजन घालायचं, बाकी पंप बघतो. आत दोन स्वतंत्र मायक्रोप्रोसेसर, एकमेकांच्या हिशोबावर नजर ठेवणारे. सिरिंजवर इलेक्ट्रॉनिक खूण, दुसरं काही भरलं तर पंप चालणारच नाही. नव्वदच्या दशकातली ही रचना बघून मी मनातल्या मनात टोपी काढली.

पण पंपात कोणाच्या टाक्या घालायच्या? १९९१च्या मार्श मॉडेलमध्ये मधली टाकी वजनाच्या प्रमाणात, ७० किलोच्या माणसाला जवळपास १६ लिटर. १९९८ साली श्नायडर आणि सहकार्‍यांनी २४ स्वयंसेवकांच्या रक्तावरून दुसरं मॉडेल दिलं, त्यात मधली टाकी सगळ्यांना सारखीच : ४.२७ लिटर. एकच माणूस, एकच औषध. मधल्या टाकीत मिलिलिटरमागे ४ मायक्रोग्रॅम पातळी आणायला पहिला पंप साधारण ६४ मिलिग्रॅम ढकलणार आणि दुसरा १७. दोन्ही पंप बाजारात, दोन्ही अधिकृत. पंपावर मॉडेलचं नाव वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हे भूलतज्ज्ञांना म्हणूनच शिकवतात.

आणि श्नायडर मॉडेलमध्ये एक बग आहे. अगदी आपल्या जातीचा. त्यात माणसाचं 'चरबी सोडून वजन' लागतं, आणि ते काढायला १९७६च्या एका ब्रिटिश अहवालातलं, जेम्सच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र उचललं होतं. पुरुषांसाठी : १.१ गुणिले वजन, वजा १२८ गुणिले (वजन भागिले उंची)चा वर्ग. दुसर्‍या पदात वर्ग आहे, म्हणजे आलेख कुठेतरी वर जाऊन खाली वळणारच. मी कागदावर केलं. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं चरबी सोडून वजन १२४ किलोला सगळ्यात जास्त येतं, साधारण ६८ किलो. तोच माणूस १६० किलोचा झाला की सूत्र म्हणतं ६३! माणूस जाड झाला आणि त्याचे स्नायू हवेत विरले. मॉडेलमध्ये हा आकडा कमी झाला की औषध बाहेर पडायचा वेग वाढतो, म्हणजे पंप आणखी औषध ढकलतो. ज्याला आधीच श्वासाचा धोका जास्त त्यालाच जास्त औषध. उपाय म्हणून पंपांत मर्यादा घातली : बीएमआय पुरुषांना ४२च्या आणि स्त्रियांना ३५च्या वर गेला की पंप तो आकडा स्वीकारतच नाही. इनपुट व्हॅलिडेशन. आपण सगळे हेच करतो, आणि मूळ फंक्शनला हात लावत नाही.

मूळ फंक्शनला हात लावला तो एलेव्हेल्ड आणि सहकार्‍यांनी, २०१८ साली. ३० अभ्यासांतली १०३३ माणसं एकत्र घेतली, मुदतीआधी जन्मलेल्या बाळांपासून ८८ वर्षांच्या म्हातार्‍यांपर्यंत. इतक्या वेगवेगळ्या आकाराच्या शरीरांना एकाच सूत्रात बसवायचं कसं? त्यांनी औषध बाहेर पडायचा वेग वजनाच्या पाऊण घाताने वाढवला. क्लायबर यांनी १९३२ साली जनावरांसाठी काढलेला घात! तान्हं बाळ आणि पैलवान यांच्यातला फरक काढायला उंदीर, माकड आणि बैल यांच्यातला फरक काढायचीच फुटपट्टी कामी आली. आपणही प्राइमेटच, फक्त वेगवेगळ्या मापांचे.

या सगळ्या पंपांच्या पडद्यावर एक आकडा दिसतो. ३.८, ४.०, ४.१ असा, दशांश चिन्हासकट, सेकंदासेकंदाला बदलणारा. बघणार्‍याला वाटतं की हा रोग्याच्या रक्तातला मोजलेला आकडा. तसं नाही. रोजच्या ऑपरेशनमध्ये प्रोपोफॉल रक्तात कोणीच मोजत नाही. तो आकडा म्हणजे, तुमच्याच वयाचा, वजनाचा आणि उंचीचा एक काल्पनिक माणूस पंपाच्या मेमरीत झोपलेला असतो, त्याच्या रक्तातला. टेबलावरच्या खर्‍या माणसाकडे बघायला भूलतज्ज्ञ डोक्याशी बसलेले असतात.